गुंतवळ

दोर काथ्याचाच असणार असं धरून मी पुढे निघालेही होते. काचेच्या पेटीत वेटोळं घालून ठेवलेला, पोटरीएवढा जाड, नारळाच्या शेंडीच्या रंगाचा, जुनेपणाने धुरकटलेला. कोकणात होडी वाळूवर ओढून घेताना असतात तसलाच, फक्त अवाढव्य. लेक मागे रेंगाळून फोनवरून पाटीचा अर्थ लावून घेत होती. "आई, थांब. हे केस आहेत," ती म्हणाली. "बायकांचे." माझा हात आपोआप मानेमागे अंबाड्यावर गेला आणि पाऊल मागे पडलं. अंगावर शहारा आला. खरं लिहायचं तर किळस आली, जेवताना भातातून लांब केस निघाला की येते ना, तीच. नेमकी त्याच वेळी एक म्हातारी जपानी बाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने हातातली बुटांची प्लास्टिकची पिशवी हळूच खाली ठेवली, मनगटावरची जपमाळ दोन्ही पंजांभोवती गुंफली आणि त्या दोरापुढे वाकली. चांगली कंबरेतून वाकली, आणि बराच वेळ तशीच राहिली. मी तिच्यापासून दोन पावलं मागे, हात अजून अंबाड्यावर.

घडलं एवढंच. पण परत येऊन इतके महिने झाले तरी ती दोन पावलं मला सोडत नाहीत.

त्या देवळात जायचं असं आमचं काही ठरलेलं नव्हतं. हॉटेलची खोली तीन वाजता मिळणार होती, सामान स्टेशनवर ठेवलं होतं, सप्टेंबरचं ऊन डोक्यावर होतं, आणि क्योतो स्टेशनातून बाहेर पडून सरळ चालत गेलं की सात-आठ मिनिटांत हिगाशी होंगान-जी लागतं. आत जायला पैसे पडत नाहीत. बसायला सावली मिळेल, इतकाच विचार होता. रस्त्यावरून दिसतं ते त्याचं महाद्वारच एखाद्या राजवाड्याएवढं आहे. ते ओलांडून खडीच्या पटांगणात आलो आणि समोर मुख्य मंदिर उभं राहिलं तेव्हा आम्ही दोघीही बोलायच्या थांबलो. ७६ मीटर रुंद, ३८ मीटर उंच, आणि सगळं लाकडाचं. शिनरान या तेराव्या शतकात निवर्तलेल्या सत्पुरुषाची मूर्ती इथे आहे. पायऱ्यांशी बूट काढायचे, पिशवीत घालून आपल्याबरोबर घ्यायचे आणि आत ९२७ चटयांच्या त्या दालनात कुठेही टेकायचं. तातामीचा, म्हणजे त्या गवती चटयांचा, वास मला पहिल्याच श्वासाला ओळखीचा वाटला. पावसाळा संपता संपता माळ्यावरच्या पेंढ्याला येतो तसा, किंचित ओला, किंचित गोड. आत कोणी धूप ओवाळत नव्हतं, प्रसाद नव्हता, रेटारेटी नव्हती. चार-पाच माणसं दूर दूर बसलेली आणि मधूनच कोणाच्या तरी ओठांतून पुटपुटल्यासारखं "नामु आमिदा बुत्सु". तो "नामु" म्हणजे आपलंच नमः. शिनरानने शिकवलं ते एवढंच, की अमिताभ बुद्धाचं नाव श्रद्धेने घेतलं की पुरे. व्रतं, कडक साधना, संन्यास यांची अट नाही. त्याने स्वतः लग्न केलं, संसार केला. नामाची ही वाट वारकऱ्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला परकी वाटणं शक्यच नव्हतं. मला इतकं बरं वाटलं तिथे बसून. म्हणूनच पुढे, दोन मंदिरांना जोडणाऱ्या त्या जोडवाटेवर, दोराच्या पेटीपाशी जे झालं ते जास्त लागलं.

हे देऊळ १६०२ मध्ये तेव्हाचा सत्ताधीश तोकुगावा इएयासू याने दिलेल्या जागेवर उभं राहिलं आणि त्यानंतर चार वेळा जळालं. शेवटचं १८६४ मध्ये, शहरातल्या लढाईतून पेटलेल्या आगीत. पुढच्या काही वर्षांत सम्राट तोक्योला गेला, क्योतोची रया गेली, आणि नव्या राजवटीने बौद्ध देवळांवरचा हात काढून घेतला. तरी १८८० मध्ये बांधकाम सुरू झालं ते गावोगावच्या भाविकांच्या बळावर. डोंगरांतून प्रचंड वृक्ष तोडून आणायचे होते आणि नेहमीचे दोर त्या ओझ्याने तुटत होते. तुटलेला दोर म्हणजे घसरलेलं खोड, आणि त्याखाली माणसं. तेव्हा बायकांनी आपले केस कापून दिले. ते तागाबरोबर वळून दोर केले. त्यांना केझुना म्हणतात. असे ५३ दोर देवळाला अर्पण झाले. सगळ्यांत मोठा ११० मीटर लांब होता आणि त्याचं वजन सुमारे एक टन. पेटीत आहे तो ६९ मीटरचा, ३७५ किलोंचा. जवळच लाकडं ओढायची एक अजस्र घसरगाडी ठेवली आहे. बर्फावरून ती ओढत आणताना उत्तरेकडे हिमकडा कोसळून माणसं गेली, त्यांची आठवण म्हणून. १८९५ मध्ये देऊळ पुरं झालं.

३७५ किलो. लेकीने आकडा वाचला तेव्हा मी मनात भागाकार करायला लागले. एका बाईच्या डोक्यावरचे केस कापले तर वजन किती भरेल? पाव किलो तरी भरेल का? तागाचं वजन सोडलं तरी किती बायका लागल्या असतील? वाकून काचेतून पाहिलं तर पिळांमध्ये मधूनच पांढरे केस दिसत होते. एखादी म्हातारी. तिच्या शेजारच्या पिळात काळेभोर. कदाचित तिची सून, नात. एकमेकींत इतके घट्ट वळलेले, की कोणाचे कुठे संपले ते आता देवालासुद्धा सांगता येणार नाही.

माझ्या पणजीला आम्ही थोरली आजी म्हणायचो. वाईला, घाटापासून चार घरं वर आमचा वाडा होता. ती प्लेगात विधवा झाली तेव्हा सतरा वर्षांची होती आणि पदरात माझे आजोबा. मी तिला पाहिली ती तिच्या शेवटच्या आठ-दहा वर्षांत. तांबडं आलवण, हातात काही नाही, गळ्यात तुळशीची माळ. दर पंधरवड्याला म्हातारा नाभिक मागच्या दाराने यायचा, ती परसात चौरंगावर बसायची आणि आम्हा पोरींना आत पिटाळलं जायचं. आम्ही खिडकीच्या गजांतून बघायचोच. बोलणं नसायचं. फक्त वस्तऱ्याचा खर्र खर्र आवाज आणि वरच्या आळीतल्या देवळातली घंटा. दोन-तीन दिवसांनी पदर सरकला की डोक्यावर पांढरी खुरटी उगवलेली दिसायची, जोंधळा कापल्यावर शेतात धसकटं राहतात तशी. एकदा मी तिच्या मांडीवर उभी राहून त्यावरून हात फिरवला होता. खरखरीत, आणि खालचं कातडं मात्र इतकं मऊ आणि गरम. तिने मला रागावून खाली उतरवलं नाही. डोळे मिटून बसली. मग मी विचारलं, "थोरली आजी, तुझी वेणी कुठे गेली?" तिने डोळे न उघडताच सांगितलं, "नदीत."

घरातल्या सगळ्या मुलींच्या वेण्या मात्र तिनेच घालायच्या, हा तिचा हक्क होता. आईने घातलेली वेणी ती सोडून पुन्हा घालायची. खोबरेल कोमट करून टाळूवर जिरवायची, बोटांनी गुंता सोडवायची, कधी दुखवायची नाही. शेवटी फणीत आणि जमिनीवर राहिलेले केस गोळा करून, बोटाभोवती गुंडाळून त्याचं वेटोळं करायची आणि देवळीतल्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. गुंतवळ. महिन्या-दोन महिन्यांनी सुया-दाभण, पोत विकणारी बाई यायची, ती गुंतवळ घेऊन सुया द्यायची. आईला तो डबा घाण वाटायचा, दोघींचे त्यावरून खटके उडायचे. आणि थोरल्या आजीला सुया मोजून घेताना मी पाहिलंय, पण डबा रिकामा करण्याआधी तळहातावर ते गुंतवळ धरून नुसती बसलेलीही पाहिलंय. तेव्हा मला वाटलं, वजन बघतेय.

क्योतोतल्या त्या जोडवाटेवर, किळस ओसरल्यावर, मला पहिल्यांदा हिशेब लागला तो वर्षांचा. १८८० ते १८९५. तिथे उत्तरेकडच्या एचिगो प्रांतातल्या बर्फात बायका केस कापून दोर वळत होत्या ती हीच वर्षं आपल्याकडची: पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९चं, आणि १८९०मध्ये मुंबईत नाभिकांनीच विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने. म्हणजे वस्तरा धरणाऱ्या हाताला ते सहन झालं नाही, इतकी ती गोष्ट उघड होती. तरीही त्यानंतर पंधरा वर्षांनी वाईला माझ्या पणजीला त्या चौरंगावर बसवलं.

नंतरचे पाच दिवस आम्ही ठरवलेलं सगळं पाहिलं. पण तो दोर बरोबर आला होता. कियोमिझू-देराचा १६३३ सालचा प्रसिद्ध सज्जा, डोंगराच्या उतारावर १३ मीटर उंच खांबांवर, खिळे न ठोकता खाचांत खाचा अडकवून पेललेला. माणसं कठड्याशी उभी राहून शहराचे फोटो काढत होती आणि मी वाकून खालचे खांब बघत होते, हे इथवर ओढून कोणी आणले असतील म्हणून. नारा शहरात तोदाई-जी मंदिरातल्या महाबुद्धापुढेही तेच. ते मंदिर १७०९ मध्ये पुन्हा बांधलं तेव्हा छताच्या दोन मुख्य तुळया दूर क्यूशू बेटावरून आणल्या होत्या, २३ मीटर लांबीच्या एकेक. बुद्धाच्या डोक्यावर इतक्या उंच अंधारात त्या आहेत की डोळ्यांना दिसतही नाहीत. देवळात गेल्यावर मी मूर्ती बघते, कोरीवकाम बघते; ओझं कोणी वाहिलं ते बघायची सवय मला नव्हती. निशी होंगान-जी, म्हणजे या घराण्यातलं पश्चिमेचं देऊळ, तिथल्या ओवरीच्या फळ्यांत एक वेगळी गंमत सापडली. जिथे लाकडाला गाठ होती किंवा तडा गेला होता तिथे सुतारांनी तेवढा भाग काढून दुसऱ्या लाकडाचं ठिगळ बसवलंय, पण कुठे पानाच्या आकाराचं, कुठे भोपळ्याच्या. मी अनवाणी फिरत पायाने ती ठिगळं शोधत होते. सुताराने आपल्या हाताची ओळख ठेवून दिली तिथे. नाव नाही, पण हात आहे.

ओहाराला जायचा हट्ट माझा होता. क्योतो शहराच्या उत्तरेचं टोक. बसने तासभर, मग शेतांतून चालत. शेतांत लाल शिसोची पानं, वांगी रंगाची. त्यांत मुरवलेल्या लोणच्याचा आंबटसर वास सगळ्या वाटेवर. तिथल्या जाक्को-इन मठात बाराव्या शतकातली एक राजमाता येऊन राहिली. केनरेइमोन-इन. तैरा घराण्याची मुलगी, सम्राटाची विधवा. ११८५ मध्ये दान-नो-उराच्या समुद्रातल्या लढाईत तिचं कुळ बुडालं, सहा-सात वर्षांचा सम्राट मुलगा आजीच्या कुशीत लाटांखाली गेला. तिनेही उडी टाकली, पण शत्रूच्या सैनिकांनी आकडीने तिचे केस धरून तिला वर ओढलं, असं ती कथा सांगते. ज्या केसांनी तिला मरू दिलं नाही ते तिने क्योतोला परतल्यावर उतरवले, भिक्षुणी झाली आणि या खोऱ्यात मुलाच्या नावाने प्रार्थना करत राहिली. आताचं मंदिर २००५ सालचं आहे. आधीचं २००० साली कोणीतरी आग लावून जाळलं. नव्या लाकडाचा वास अजून आहे असं मला वाटलं, लेक म्हणाली भास आहे. आत भिक्षुणीच्या जागेपाशी बसून मी स्वतःशी भांडत होते. कारण हिगाशी होंगान-जीहून निघताना मी मनात सरळ वाटणी करून टाकली होती: त्यांच्या बायकांनी दिले, आमच्या बायकांचे काढून घेतले. इथे ती वाटणी टिकेना. ही राजमाता विधवा होती, हरलेल्या घराण्यातली होती, तिला दुसरी कुठली वाट उघडी होती? तिने केस दिले की ते गेले? आणि केस उतरवून इथे बसल्यावर या डोंगरांच्या शांततेत तिला जे काही मिळालं असेल, ते मी कोण नाकारणार? थोरली आजी पहाटे कृष्णेवरून ओलेत्याने येताना जे म्हणत यायची, त्यात तिला काही सापडत नव्हतं असं म्हणायचं का? तसं म्हटलं तर तिचं सगळं आयुष्यच मी दुसऱ्यांदा काढून घेते. तसं नाही म्हटलं, तर त्या परसातल्या चौरंगाला मी माफ करते.

दोन्ही मला जमत नाही. तिथेही जमलं नाही.

आराशियामाला बांबूच्या वनात माणसांचा लोंढा होता, आम्ही त्यातून लवकर सुटलो. तिथून जवळच, एका तळ्याच्या काठाला, मिकामी-जिंजा नावाचं छोटंसं देवस्थान आहे. केशरचना करणाऱ्यांच्या मूळपुरुषाचं. केसांचा धंदा करणारे लोक इथे येतात, आणि कोणी भाविक आला तर त्याच्या केसांची लहानशी बट कापून इथे वाहता येते. मागे केसांसाठी एक दगडी स्मारक उभारलं आहे. मला ते फार आवडलं. न्हाव्याच्या कात्रीलाही देव आहे, कापलेल्या केसालाही जागा आहे. लेकीचे केस खांद्याच्या वरच असतात, तिने उत्साहाने बट दिली. कात्रीचा आवाज झाला, कच्च. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. एवढीशी बट, कोणाला दिसलीही नसती. साठी उलटल्यावर पातळ झालेल्या, कलप न लावलेल्या माझ्या केसांत तरी काय राहिलं आहे? पण हात वर जाईना. बाहेर येऊन तळ्याकाठी बसलो तेव्हा लेकीने विचारलं, का नाही दिलेस? मी तिला थोरल्या आजीचं सांगितलं. चौरंग, खिडकीचे गज, नदी. आश्चर्य हे, की यातलं काहीच मी तिला आजवर सांगितलेलं नव्हतं. घरात थोरल्या आजीचा एक फोटो आहे, त्यात पदर कपाळापर्यंत ओढलेला आहे. लेकीला वाटत होतं, लाजरी असेल.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग तुला दोर बघून घाण का वाटली?"

शेवटच्या दिवशी दुपारच्या गाडीआधी मी पुन्हा तिथे जाऊ या म्हटलं. या वेळी पाऊस होता. पटांगणातली कबुतरं छपराखाली गोळा झालेली, पागोळ्या अशा पडत होत्या की महाद्वार पलीकडे धूसर दिसत होतं. बूट पिशवीत घालून आम्ही जोडवाटेने गेलो. ओल्या हवेत लाकडी फळ्या पायाला गार लागत होत्या. पेटीपुढे कोणी नव्हतं. पहिल्या दिवशी मला तो काथ्या वाटला होता. आता पाहिलं तर त्यात काथ्यासारखं काहीच नव्हतं. पिळातून सुटलेला एकेक केस काचेच्या आतल्या उजेडात वेगळा दिसत होता, अगदी बारीक, वळलेला, फणीत राहतो तसा. सव्वाशे वर्षांहून अधिक झाली, माणसं गेली, तो केस आहे. मी काचेवर हात टेकवला. शहारा आला नाही. त्या म्हातारीसारखं वाकावं असं वाटत होतं, पण मी वाकले असते ते कशापुढे हे मला ठरवता येत नव्हतं. केस देणारीच्या भक्तीपुढे, की घरातल्या सगळ्या देतात म्हणून जिला द्यावे लागले तिच्यापुढे? सोळा वर्षांची एखादी असेल, जिला द्यायचे नव्हते. असेलच ना एखादी, इतक्या केसांत.

लेक म्हणाली, विचारू या. दालनाच्या दाराशी काळा पायघोळ अंगरखा घातलेला एक मध्यमवयीन सेवेकरी उभा होता. तिने फोनमध्ये मराठीत बोलून जपानीत दाखवलं: केस द्यायला कोणी नाही म्हटलं होतं का? त्याने वाचलं, पुन्हा वाचलं. नम्रपणे मान झुकवली आणि बराच वेळ दोराकडे पाहत उभा राहिला, जणू त्यालाही तो आज नव्याने दिसत होता. मग फोनवर सावकाश काही लिहिलं आणि दोन्ही हातांनी तो लेकीला परत दिला.

पडद्यावर मराठीत आलं, "ते लिहून ठेवलेलं नाही. माझ्या आजीच्या आजीने दिले होते."

आम्ही त्याच्यापुढे वाकलो, तोही वाकला. पायऱ्यांवर बसून बूट घालताना माझा अंबाडा सुटला. फणी पर्समध्येच होती. तिथेच बसून मी केस विंचरले, पाऊस बघत, आणि फणीत आलेले चार-पाच केस बोटाभोवती गुंडाळले. पायरीशी कचऱ्याची पेटी नव्हती. तशी ती जपानमध्ये कुठेच चटकन सापडत नाही. लेकीने हात पुढे केला. मी ते वेटोळं तिच्या तळहातावर ठेवलं, आणि ती ते धरून बसली.